सोयाबीन तेल कुठल्या जमिनीतून आले, तेही विचारा

मा. केंद्रीय अन्न व सार्वजनिक वितरण मंत्री,
भारत सरकार, नवी दिल्ली

महोदय, स.न.वि.वि.

देशाला लागणारे निम्म्याहून अधिक खाद्यतेल आपण बाहेरून आणतो. त्यातले सोयाबीन तेल मुख्यतः अर्जेंटिना आणि ब्राझीलचे. मे 2025 मध्ये कच्च्या खाद्यतेलावरचे मूळ आयात शुल्क 20 वरून 10 टक्क्यांवर आले, तेव्हा भावाची चर्चा झाली, आमच्या लातूरकडच्या सोयाबीनवाल्यांचीही झाली. ते तेल कुठल्या जमिनीतून येते, हा प्रश्न माझ्या तरी कानावर आला नाही.

ब्राझीलच्या सोयाबीनचा मोठा वाटा सेराडोत पिकतो. सुमारे 20 लाख चौरस किलोमीटरचा हा सॅव्हाना दहावीच्या भूगोलातल्या ब्राझील उच्चभूमीवरच आहे. वरवर पाहिले तर जाड सालीची वेडीवाकडी झाडे आणि गवत. पण मुळे कित्येक मीटर खोल. पावसाळ्यात पाणी जमिनीत उतरते आणि मे ते सप्टेंबरच्या कोरड्या दिवसांत नद्यांना पुरते. ब्राझिलियाजवळ आगुआस एमेंदादास येथे एकाच पाणथळीतून एक प्रवाह उत्तरेला तोकांतिन्स नदीकडे जातो, दुसरा दक्षिणेला पाराना नदीकडे. सेराडोतल्याच पश्चिम बाहिया भागात शेतीसाठी होणाऱ्या पाणीउपशाविरुद्ध 2017 मध्ये कोरेंतिनाचे हजारो लोक रस्त्यावर उतरले, ते उगाच नाही.

आम्लधर्मी मातीत चुना घालून आणि उष्ण कटिबंधात येणारे वाण काढून तिथल्या शास्त्रज्ञांनी ही जमीन पिकती केली. काम मोठेच. पण आज निम्मा सेराडो गेला आहे. जुलै 2023 अखेरच्या वर्षात 11 हजार चौरस किलोमीटरहून अधिक भाग साफ झाला, अ‍ॅमेझॉनपेक्षाही जास्त.

कारण त्याला कोणी जंगल मानत नाही. अ‍ॅमेझॉनच्या जंगलात जमीनमालकाला 80 टक्के झाडोरा राखावा लागतो, सेराडोत बहुतेक ठिकाणी 20. नव्याने तोडलेल्या जमिनीवरचे सोयाबीन घ्यायचे नाही, हे व्यापाऱ्यांनी 2006 मध्ये स्वतःवर घातलेले बंधनही फक्त अ‍ॅमेझॉनपुरतेच होते. ब्राझीलच्या 1988 च्या राज्यघटनेतल्या राष्ट्रीय वारशाच्या यादीत सेराडोचे नावच नाही. माळरानाला पडीक म्हणणाऱ्या आपल्या महसुली नोंदी पाहिलेल्यांना हे वेगळे सांगायला नको.

त्या पडीक म्हणवणाऱ्या भूमीत शावांते, क्राहो हे आदिवासी राहतात, गुलामीतून निसटलेल्यांचे वंशज कालुंगा राहतात. जालापाओतल्या मुम्बुका गावच्या बायका सोनेरी काड्यांच्या टोपल्या विणतात. ही वनस्पती आपल्या कासच्या पठारावरच्या गेंदाच्या कुळातली. 20 सप्टेंबरपूर्वी ती कापायची नाही, आणि कापली की बोंडे तिथेच रानात टाकायची, म्हणजे बी पडते. शिवण बुरिती ताडाच्या धाग्याची. हा ताड पाणथळीतच वाढतो. पाणी आटले की धागाही गेला.

आयात थांबवा असे मी म्हणत नाही. आयातदाराने सोयाबीन कुठल्या तालुक्यातले, आणि ती जमीन कधी साफ केली, याचा दाखला द्यावा, एवढा नियम करा. ब्राझीलची अंतराळ संशोधन संस्था उपग्रहावरून ही तोड दरवर्षी मोजते आणि नकाशे सर्वांना खुले ठेवते, म्हणजे पडताळणीचे साधन तयारच आहे. पहिले वर्ष नुसती नोंद ठेवली तरी चालेल. नव्याने साफ केलेल्या जमिनीवरचा माल नाकारण्याची तारीख त्यानंतर ठरवा, पण ती जाहीर करा.

आपली,
दहावीला भूगोल शिकवणारी एक शिक्षिका