आई, बाबांचं कोर्ट एवढ्यात बंद करू नकोस

ती. आई-बाबा,
सा. न.

फोनवर आईचा परत तोच विषय, चौऱ्याहत्तर झाली आता यांनी कोट खुंटीला टांगावा, आणि बाबा नेहमीप्रमाणे गप्प. म्हणून लिहितेय, म्हणजे मध्ये कुणी तोडणार नाही.

बाबा, बेल्व्हा लॉकवूड हे नाव ऐकलंय का? जन्म १८३० चा, न्यूयॉर्क राज्यातल्या शेतकऱ्याची मुलगी. बाविशीत नवरा गेला, पदरात छोटी लेक, तरी कॉलेज केलं, मास्तरकी केली, तीही पुरुषांच्या निम्म्या पगारावर. पुढे वॉशिंग्टनला येऊन लॉला अर्ज केला तर एका कॉलेजने कळवलं की बाई वर्गात आली तर मुलांचं लक्ष उडेल (घ्या!). दुसरीकडे कोर्स पूर्ण केला, पण डिप्लोमाच देईनात. त्या संस्थेचे अध्यक्ष नावापुरते राष्ट्राध्यक्ष ग्रँट, तर हिने १८७३ मध्ये थेट त्यांनाच लिहिलं, की तुम्ही अध्यक्ष असाल तर माझा डिप्लोमा द्या आणि नसाल तर कागदांवरून स्वतःचं नाव काढा. आला डिप्लोमा! अशी नोटीस तुम्हीसुद्धा ड्राफ्ट केली नसेल.

१८७६ ला सुप्रीम कोर्ट म्हणालं बाईला सनद देण्याची प्रथा नाही, मग ही अमेरिकन संसदेच्या, म्हणजे तिथल्या काँग्रेसच्या, सदस्यांच्या मागे लागून कायदाच बदलून आली आणि मार्च १८७९ मध्ये तिथली पहिली स्त्री वकील झाली. वॉशिंग्टनभर तीनचाकी सायकलवर फिरायची. १८८४ ला राष्ट्राध्यक्षपदालाही उभी राहिली, स्वतःला मत द्यायचा हक्क नसताना चारेक हजार मतं मिळवली.

पण मला सांगायचंय ते १९०६ चं. ईस्टर्न चेरोकी या अमेरिकेतल्या मूळ रहिवासी लोकांना त्यांच्या जमिनीवरून हाकललं होतं, त्यासाठी सरकारशी झालेल्या तहातले पैसे सरकारकडेच अडकलेले, तुमच्या धरणग्रस्तांच्या वाढीव मोबदल्यासारखंच, पिढ्या गेल्या तरी तारखाच. सुप्रीम कोर्टात निकाल त्यांच्या बाजूने लागला, रक्कम साधारण पन्नास लाख डॉलर, आणि त्यांच्या वकिलांत ही होती, वय पंचाहत्तर.

तेव्हा आई, वयाचा मुद्दा माझ्याकडून फेटाळला. बाबा, तुम्ही लगेच खूश होऊ नका, पावसात स्कूटर बंद, रिक्षाने जायचं आणि फायलींचं ओझं ज्युनिअरकडे द्यायचं. गुडघ्याच्या डॉक्टरांची गुरुवारची अपॉइंटमेंट घेतलीये, त्या दिवशी मॅटर बोर्डावर असेल तर पुढची तारीख मागून घ्या.

तुमची,
छकुली