‘अमेरिकेत गांजा कायदेशीर’ ही अर्धीच बातमी आहे

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

अमेरिकेतल्या एखाद्या राज्याने गांजा खुला केला की आपल्याकडच्या पेपरांत मथळा येतो, ‘अमेरिकेत गांजा कायदेशीर’, खाली चार ओळी आणि एखाद्या दुकानाचा फोटो. पुढचं कोणी छापत नाही. आणि ते न छापल्यामुळे आमच्या भागातल्या पोरांचं नुकसान होतं म्हणून हे पत्र लिहायला बसलो. वेंगुर्ला, मालवण, देवगड, तिकडे वर रत्नागिरी-दाभोळपर्यंत कुठल्याही वाडीत जा, एखादा तरी पोरगा बोटीवर आहे नाहीतर अमेरिकेत शिकायला किंवा आयटीत आहे. मी स्वतः बरीच वर्षं बोटीवर होतो, आता घरी आहे, पण नवीन पोरं सीडीसी (खलाशाचं सरकारी नोंदपुस्तक), व्हिसाचे कागद घेऊन विचारायला येतात तेव्हा गांजाचा विषय हमखास निघतो आणि सगळ्यांचं एकच म्हणणं, ‘काका, थंय दुकानात गावता, कायदेशीर आसा.’

दुकानात मिळतो हे खरं. कॅलिफोर्नियाने 1996 साली मतदान घेऊन औषध म्हणून परवानगी दिली, मग नोव्हेंबर 2012 मध्ये कोलोरॅडो आणि वॉशिंग्टन (हे सिएटलवालं राज्य, राजधानी नव्हे) यांनी मोठ्या माणसांना नुसतं ओढायलाही मोकळीक दिली, कोलोरॅडोत 1 जानेवारी 2014 ला दुकानं उघडली. 2023 संपेपर्यंत अशी 24 राज्यं झाली होती. पण केंद्र सरकारचा, म्हणजे तिकडे ज्याला फेडरल म्हणतात त्याचा, 1970 चा कायदा आहे, त्यात गांजा सगळ्यात कडक बंदीच्या पहिल्या यादीत घातला, हेरॉइनच्या पंगतीला, आणि कुठल्याही राज्यातल्या मतदानाने हा केंद्राचा कायदा रद्द होत नाही. दोन्ही कायदे एकाच वेळी, एकाच जागेवर, एकाच माणसाला लागू असतात.

आपल्या सिंधुदुर्गातल्या माणसाला हे गोव्याच्या दारूसारखं वाटतं आणि घोटाळा तिथेच होतो. गोव्यात घेतलेली बाटली गोव्यात चालते, परवाना नसताना इन्सुलीच्या नाक्यावर सापडली तर केस. म्हणजे हद्द ओलांडली की गुन्हा, हद्दीच्या आत काही नाही, कारण दारूचा विषय आपल्याकडे राज्यांच्या हातात आहे. अमेरिकेतल्या गांजाचं असं नाही हो. कोलोरॅडोतल्या डेन्व्हरमधल्या दुकानात, काउंटरवर उभा राहून, बिल हातात घेऊन, हद्द कुठेही न ओलांडतासुद्धा फेडरल कायद्याने तो गुन्हाच असतो. फक्त पकडायला कोणी येत नाही एवढंच.

आणि कधी कधी येतातही. 2002 साली कॅलिफोर्नियात डायान मॉन्सन नावाच्या बाईंच्या घरी स्थानिक पोलीस आणि फेडरलचे लोक एकत्रच आले. बाईंना पाठदुखीसाठी डॉक्टरने गांजा सांगितलेला, घरी सहा झाडं. स्थानिक पोलिसांनी बघितलं आणि सांगितलं की आमच्या राज्याच्या कायद्यात हे बसतं. फेडरलवाल्यांनी तीच सहा झाडं उपटून नेली! केस सुप्रीम कोर्टात गेली, एंजल रेच ही दुसरी आजारी बाई बरोबर होती, आणि 2005 मध्ये सहा विरुद्ध तीन असा निकाल लागला की घरच्या घरी स्वतःपुरती लावलेली झाडंसुद्धा केंद्र सरकार बंद करू शकतं. हा निकाल आजपर्यंत कोणी फिरवलेला नाही.

मग एवढी दुकानं चालतात कशी, हा प्रश्न कोणालाही पडेल. तर तिथल्या राज्यघटनेप्रमाणे केंद्र सरकार राज्याच्या पोलिसांना आमचा कायदा तुम्ही राबवा असा हुकूम देऊ शकत नाही, आणि केंद्राकडे स्वतःची माणसं गल्लीगल्लीत पाठवण्याएवढी नाहीत. 2013 मध्ये ओबामांच्या वेळी न्याय खात्यातल्या कोल नावाच्या अधिकाऱ्याने एक पत्रक काढलं की राज्याने नीट नियम केले असतील तर आपण मध्ये पडायचं नाही, 2018 च्या जानेवारीत ट्रम्प सरकारचे अ‍ॅटर्नी जनरल सेशन्स यांनी ते पत्रक रद्द केलं. औषधी गांजापुरतं संसद 2014 पासून बजेटमध्ये एक अट घालत आली आहे की राज्यांच्या आड येण्यासाठी पैसे वापरायचे नाहीत, ती अटसुद्धा पुन्हा पुन्हा मंजूर करून घ्यावी लागते. म्हणजे हा करोडो डॉलरचा धंदा कायद्यावर नाही, डोळेझाकीवर उभा आहे. बँका घाबरतात म्हणून बराचसा व्यवहार रोखीत चालतो, इन्कम टॅक्समध्ये 1982 पासून असं कलम आहे की पहिल्या दोन याद्यांतल्या पदार्थांच्या धंद्याला भाडं, पगार हे साधे खर्चही वजा करून मिळत नाहीत. तिथल्या दुकानदारांनाही हा ताप आहेच, पण ते तिथले नागरिक, त्यांना वकील आहे, मत आहे.

डोळेझाक परदेशी माणसाला मिळत नाही, आणि पेपरात हेच यायला पाहिजे. व्हिसा फेडरल, इमिग्रेशन फेडरल, विमानतळावरची तपासणी फेडरल, कोस्ट गार्ड फेडरल. बोटीवरच्या माणसाची तर अमेरिकेशी जी काय गाठ पडते ती जवळजवळ सगळी फेडरलशीच पडते, सी-वन-डी या खलाशांच्या व्हिसापासून बंदरात उतरायच्या शोअर पासपर्यंत. आणि इमिग्रेशनच्या कायद्यात कोर्टाने शिक्षा दिलेली असायलाच पाहिजे असंही नाही, अधिकाऱ्यासमोर तुम्ही कबूल केलंत की मी गांजा घेतला होता तर तेवढ्यावर प्रवेश नाकारता येतो. राज्यात कायदेशीर होता हे उत्तर तिथे चालत नाही. 2019 मध्ये त्यांच्या नागरिकत्व खात्याने तर लेखीच सांगितलं की गांजाच्या दुकानात नोकरी केली असली तरी नागरिकत्वाचा अर्ज फेटाळला जाऊ शकतो, मग ते राज्य काहीही म्हणो. 2022 मध्ये बायडन यांनी गांजा जवळ बाळगल्याच्या फेडरल केसेसमध्ये माफी दिली, ती नागरिकांना आणि ग्रीन कार्डवाल्यांना. व्हिसावर गेलेला आपला पोरगा त्यात नाही.

आमच्या बाजूच्या वाडीतल्या एका पोराचं काय झालं ते नाव न घेता सांगतो. बोट कॅलिफोर्नियात लाँग बीचला लागली, तीन-चार जण शोअर लीव्हवर, म्हणजे सुट्टीत बंदरावर उतरून, गेले, दुकानात गेले, दुकान कसलं, मॉलसारखं चकाचक, दारावर वय बघून आत घेतात. याने फोटो काढले, मोबाइलमध्ये ठेवले. पुढच्या कॉन्ट्रॅक्टला दुसऱ्या पोर्टवर इमिग्रेशनवाल्याने मोबाइल बघितला आणि सरळ विचारलं. पोराने सरळ उत्तर दिलं. व्हिसा रद्द, बोटीवरून उतरायला मनाई, कंपनीने पहिल्या सोयीच्या पोर्टवरून घरी पाठवला. घरी आला तेव्हा मला त्या दुकानाचं बिल दाखवत होता, जपून ठेवलेलं, त्यावर सरकारी टॅक्स वेगळा छापलेला. म्हणाला, ‘काका, सरकारने टॅक्स घेतला माझ्याकडून, मग गुन्हा कसा?’ काय सांगणार त्याला. टॅक्स घेणारं सरकार वेगळं आणि व्हिसा कापणारं वेगळं. कोर्ससाठी वडिलांनी कलमांच्या बागेवर कर्ज काढलेलं, ते अजून फिटायचंय.

कोणी म्हणेल खोटं सांगायचं होतं. अजिबात नाही, अधिकाऱ्याशी खोटं बोलून प्रवेश मिळवायचा प्रयत्न केला तर तो आणखी वेगळा गुन्हा, कायमची बंदी येऊ शकते. खरं बोललं तरी अडकतो, खोटं बोललं तरी अडकतो, म्हणून हात न लावणं हाच एक मार्ग उरतो.

शिवाय कंपनीची टेस्ट आहेच. लघवीच्या तपासणीत कुठल्या राज्यात ओढला ते दिसत नाही आणि सवयीच्या माणसात तो काही आठवडे दिसू शकतो. आणि त्या गमीज! दिसायला पोरांच्या जेलीच्या गोळ्या, आत गांजाचा अर्क. कोणी मित्रासाठी म्हणून बॅगेत घालून आणल्या तर मुंबईला कस्टमसमोर आपला 1985 चा एनडीपीएस, म्हणजे अंमली पदार्थांचा, कायदा उभा राहतो, आयात म्हणून. तिथे अमेरिकेतल्या दुकानाचं बिल दाखवून काही उपयोग नाही.

आता हे सगळं बदलणार आहे असंही काही जण सांगतात. 2024 मध्ये बायडन सरकारने गांजा पहिल्या यादीतून तिसऱ्या यादीत टाकायचा प्रस्ताव आणला होता, त्याच्या बातम्याही आपल्याकडे ‘गांजावरची बंदी उठणार’ अशा आल्या. तिसरी यादीसुद्धा नियंत्रित पदार्थांचीच यादी आहे. यादी बदलल्याने इमिग्रेशनचं कलम आपोआप सुटत नाही.

गांजा चांगला की वाईट यावर मी आज लिहीत नाहीये, आजारी माणसाला त्याने आराम पडत असेल तर मिळावा असंच मला वाटतं. पण एवढ्या राज्यांनी मतदान करून ठरवलं तरी त्यांची संसद इतकी वर्षं या दोन कायद्यांचा निकाल लावत नाही, ही मला मोठी बेजबाबदारी वाटते, कारण दुकानाच्या पाटीवर विश्वास ठेवणारा परका माणूस यात मारला जातो. त्यांना आपण इथून काही सांगू शकत नाही. आपल्या पोरांना मात्र सांगू शकतो.

म्हणून विनंती, पुढच्या वेळी अशी बातमी छापाल तेव्हा खाली एवढं तरी टाका की हा राज्याचा कायदा आहे, फेडरल बंदी कायम आहे आणि व्हिसावर गेलेल्यांना फेडरल कायदाच लागतो. जमलं तर एखाद्या रविवारी बोटीवर जाणाऱ्यांसाठी आणि परदेशी शिकायला जाणाऱ्यांसाठी पूर्ण लेख द्या, इमिग्रेशनचं काम करणाऱ्या वकिलाकडून लिहून घ्या. मर्चंट नेव्हीचे कोर्स चालवणाऱ्यांनी आणि पोरांकडून पैसे घेणाऱ्या एजंटांनीही हे पहिल्या दिवशी सांगायला हवं, पण ते कधी सांगतील याची वाट बघण्यात अर्थ नाही. नवीन बॅच सुरू व्हायच्या आत तुमच्याकडून आलं तर मी त्याच्या झेरॉक्स काढून इथल्या पोरांना वाटीन.

आपला,
एक निवृत्त बोटवाला,
वेंगुर्ला तालुका, जि. सिंधुदुर्ग