गजाननास पत्र : वाचनालयातल्या आठ तसबिरी

परतवाडा,
१० नोव्हेंबर

प्रिय गजानन,

सप्रेम जय गुरू.

वाचनालयाच्या मोठ्या खोलीत सुधारकांच्या तसबिरी लागणार आणि २० डिसेंबरला, गाडगेबाबांच्या पुण्यतिथीला, त्यांच्यावरचा पडदा सरकणार, हे वाचून फार बरं वाटलं. हातात चाळीस दिवस आहेत. हे काम नीट करायचं तर तेवढे लागतातच, म्हणून सगळं सविस्तर लिहितो.

आधी हे ऐक. तू पाठवलेल्या सात फोटोंपैकी एकही छापायला देऊ नको. व्हॉट्सअ‍ॅपवरून साधा पाठवलेला फोटो लांब बाजूने साधारण १६०० पिक्सेलचा उरतो. तुला १२ बाय १८ इंची प्रिंट हवी आहे. म्हणजे इंचाला जेमतेम ८९ पिक्सेल आले. लांबून चालून जाईल, पण जवळ जाऊन पाहणाऱ्या पोराला डोळ्यांच्या जागी धुरकट ठिपके दिसतील. इंचाला २०० तरी पाहिजेत, म्हणजे २४०० बाय ३६००. ३०० मिळाले तर उत्तमच. कोणाकडून फोटो मागवशील तेव्हा ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवायला सांग, म्हणजे फाइल दाबली जात नाही.

बारीक फोटो मोठा करून देणारं अ‍ॅप आहे, असं फोटोवाला म्हणेल. त्याला हात जोडून नाही म्हण. ते अ‍ॅप नसलेला तपशील स्वतःच्या मनाने भरतं. तू पाठवलेला गाडगेबाबांचा फोटो मोठा करून पाहा. गालावरच्या सुरकुत्या गेल्या, दाढीचे केस विंचरल्यासारखे झाले आणि कानातल्या कवडीचं फूल झालं. बाबांच्या एका कानात कवडी आणि दुसऱ्यात फुटक्या बांगडीचा तुकडा असे. अंगावर निरनिराळ्या चिंध्या जोडलेलं वस्त्र, डोक्यावर पालथं खापर. तेच खापर जेवायला, तेच पाणी प्यायला. अ‍ॅपने त्या चिंध्यांच्या शिवणी पुसून एकरंगी भगवी कफनी करून टाकली आहे. परिटाच्या घरी जन्मलेल्या, दुसऱ्यांची घाण स्वतःच्या हाताने उपसणाऱ्या माणसाचा तो चेहरा नाही राहिला, गजानन. बाबांचं सगळं सांगणं त्या वेशात होतं. तोच धुऊन टाकला तर भिंतीवर काय लावायचं?

चित्रकाराकडून चित्र काढून घेणार असशील, तर बाबांच्या हातात खराटाच दे. फुलझाडू किंवा घरातली केरसुणी नको. आल्या गावी रस्ते झाडायचे, नाल्या उपसायच्या, तर काड्यांचा, ताठ, लांब खराटाच लागतो. पायातल्या दोन वहाणा एकसारख्या काढू देऊ नको. आणि डोक्यामागे प्रभावळ तर मुळीच नको. आपला कोणी शिष्य नाही, असं ते उघड सांगत आणि पाया पडू देत नसत.

खरा फोटो मिळवायचा तर आपल्या भागात अवघड नाही. बाबांच्या नावाच्या संस्था, आश्रमशाळा, जुन्या कीर्तनकारांची घरं, तुकडोजी महाराजांच्या गुरुदेव सेवा मंडळाच्या जुन्या शाखा, यांच्या भिंतींवर चांगल्या मूळ प्रती आहेत. पंजाबराव देशमुखांसाठी श्री शिवाजी शिक्षण संस्थेच्या जवळच्या शाळेत विचार. तिथे फ्रेम काढून नेऊ नका, जागेवरच नक्कल करा. सकाळी दहाच्या सुमारास ओसरीत, उन्हाची तिरीप येणार नाही अशा ठिकाणी तसबीर उभी टेकवायची. फ्लॅश बंद. मोबाइल हातात न धरता स्टँडवर, तसबिरीशी अगदी समांतर. तिरका धरला तर चेहरा खाली निमुळता होतो. मोबाइलच्या मागे कोणी काळी चादर ताणून उभं राहिलं की काचेत आपलं आणि अंगणाचं प्रतिबिंब पडत नाही. काच काढता आली तर काढ, पण फोटो काचेला चिकटलेला दिसला तर ओढू नको. ओढला की चेहऱ्याचा पापुद्रा काचेवर राहतो आणि मूळ प्रत कायमची जाते. अशी तसबीर काचेसकटच टिपायची.

फोटो उलटा तर नाही ना, तेही पाहायचं. बाबासाहेबांच्या कोटावरून हे लगेच कळतं. पुरुषी कोटात छातीवरचा खिसा माणसाच्या डाव्या बाजूला असतो आणि डावा पल्ला उजव्यावर येतो. खिसा उजवीकडे दिसला की समज, छापणाऱ्याने आरशातली प्रत काढली आहे. बाबासाहेबांच्या बहुतेक फोटोंत मुळात रंगच नाही, निळा कोट पुढे रूढ झाला. निळा लोकांच्या मनातला आहे, तो ठेवायला माझी हरकत नाही. पण नागपूरच्या दीक्षेचा, १४ ऑक्टोबर १९५६ चा फोटो निवडलात तर तिथे ते पांढऱ्या पोशाखात आहेत. रंग भरणारा तोही निळा करील, म्हणून आधीच सांगून ठेव. माझं मत विचारशील तर आपण विदर्भातले, आपल्या भिंतीवर तोच फोटो शोभेल.

तुकडोजी महाराजांचा हातात खंजिरी असलेलाच घे. यावलीच्या माणिक बंडोजी इंगळे नावाच्या मुलाने खेडीपाडी जागी केली ती त्या खंजिरीवर. सावित्रीबाईंच्या छापील चित्रांत एकच काळजी घ्यायची, ती म्हणजे रंगाची. कॅलेंडरवाले गोऱ्यापान आणि नाजूक करत जातात. त्यातल्या त्यात साधं, रंगरंगोटी नसलेलं चित्र निवड.

तुझ्या यादीत सात जण आहेत. आठवं नाव मी सुचवतो, ताराबाई शिंदे. बुलढाण्याची बाई, १८५० सालचा जन्म. १८८२ मध्ये ‘स्त्री-पुरुष तुलना’ हे पुस्तक लिहून पुरुषांच्या शास्त्राला जाब विचारला. फुल्यांनी तिची बाजू घेतली. आपल्या वऱ्हाडात ती नाही तर कोण पाहिजे? मात्र इंटरनेटवर तिच्या नावाने फिरणारा चेहरा घेऊ नको. तिच्या फ्रेममध्ये चित्राऐवजी मोठ्या, स्वच्छ अक्षरांत नाव, गाव, पुस्तक आणि साल एवढंच छाप. अक्षरांची तसबीर वाईट दिसत नाही.

आता क्रम. मधोमध कोण, यावरून गावात कुरबुर होणारच. तू जन्मसालाने लाव, म्हणजे कोणालाच बोलायला जागा राहत नाही : जोतीराव फुले १८२७, सावित्रीबाई १८३१, ताराबाई १८५०, शाहू महाराज १८७४, गाडगेबाबा १८७६, बाबासाहेब १८९१, पंजाबराव १८९८, तुकडोजी महाराज १९०९. माप सगळ्यांचं एकच. एकाची फ्रेम दोन इंचाने मोठी झाली तरी ते लोकांच्या डोळ्यात येतं.

१२ बाय १८ च्या प्रिंटभोवती दोन-दोन इंचांचा माउंट, म्हणजे पुठ्ठ्याची चौकट, धरला की फ्रेम १६ बाय २२ ची होते. आठ फ्रेमांचे १२८ इंच, मधल्या सात फटी सहा-सहा इंचांच्या म्हणजे ४२, एकूण १७० इंच. तुझी भिंत १६ फुटांची, म्हणजे दोन्ही टोकांना ११-११ इंच उरतात. छान बसतं.

माउंट केवळ शोभेसाठी नसतो. त्याच्यामुळे फोटो आणि काच यांत थोडी पोकळी राहते. ती नसली की पावसाळ्यात काचेच्या आतून ओल धरते, फोटो चिकटतो, आणि मग वर सांगितलेला तो पापुद्रा. माउंटचा पुठ्ठा आम्ल नसलेला माग. साधा पिवळट पुठ्ठा काही वर्षांत फोटोच्या कडेला तपकिरी पट्टा उमटवतो. फोटो फेविकॉलने चोपडून चिकटवू देऊ नको, फक्त वरच्या कडेला कागदी पट्टीचे दोन बिजागर. मागे हार्डबोर्ड आणि चारी कडांना कागदी टेप, म्हणजे कसर आणि उधई आत शिरत नाही. काच २ मिमीची पुरते. ३ मिमीची घेतलीस तर एका फ्रेमची नुसती काच पावणेदोन किलोच्या आसपास भरते. प्रिंट फोटो लॅबमधली घे, फ्लेक्स नको. फ्लेक्स उन्हाने फिका पडतो आणि आपल्याकडच्या उन्हाळ्यात सैल होऊन लोंबतो.

खरा धोका तुझ्या भिंतीचा आहे. तुमचं गाव खारपाणपट्ट्यातलं, म्हणजे जमिनीतलं पाणीच खारं. बांधकामाला तेच खारं पाणी वापरलेलं, त्यामुळे भिंतीतून क्षार फुटतो, पांढरी भुकटी येते, रंगाचे पोपडे सुटतात. भिंत निवडण्याआधी एक फूट लांबी-रुंदीचा प्लास्टिकचा तुकडा चारी बाजूंनी टेप लावून भिंतीला चिकटव आणि दोन दिवस ठेव. भिंतीकडच्या बाजूला दव दिसलं तर ओल भिंतीतूनच येते आहे. त्या भिंतीवर तसबिरी लावायच्या नाहीत, मधली आतली भिंत घ्यायची. पश्चिमेची भिंत तर सोडूनच दे, दुपारभर तापते. भुकटी कोरड्या ब्रशने झाडायची, पाण्याने धुवायची नाही. धुतली की क्षार विरघळून परत आत जातो आणि पुन्हा वर येतो. वरून ऑइलपेंट किंवा सिमेंटचा गिलावा मारला तर ओल आत कोंडते आणि पोपडे आणखी मोठे सुटतात. चुन्याचा हात बरा, कारण त्यातून भिंत श्वास घेते. आणि रंग मारल्यावर पंधरा-वीस दिवस वाळू दे. म्हणजे रंग याच महिन्यात संपला पाहिजे.

फ्रेम भिंतीला चिकटून नको. आधी दोन आडव्या लाकडी पट्ट्या ठोकायच्या, अर्धा इंच जाडीच्या, आणि फ्रेम त्यांवर. मागून वारा खेळला पाहिजे. ड्रिलने ८ मिमीचं भोक, त्यात प्लास्टिकची गिट्टी, मग स्क्रू. खिळा ठोकलास तर खारावलेला गिलावा खपलीसारखा सुटेल. प्रत्येक फ्रेमला दोन हुक, आठ इंच अंतराने. एका खिळ्यावर टांगलेली तसबीर पंख्याच्या वाऱ्याने तिरकी होते. पातळी डोळ्याने धरू नको, पारदर्शक नळीत पाणी भरून दोन्ही टोकांना खुणा कर आणि सुतळी ताण. उंची अशी ठेव की फ्रेमचा मध्य जमिनीपासून पाच फुटांवर येईल. आपल्याकडे तसबिरी छताशी नेऊन पुढे झुकवतात, मग चौथीतल्या पोरीला सावित्रीबाईंच्या नावाखालचं काही वाचता येत नाही.

मजकूर थोडका आणि बिनचूक पाहिजे. बाबांच्या खाली असं लिही : ‘डेबूजी झिंगराजी जाणोरकर. जन्म २३ फेब्रुवारी १८७६, शेंडगाव, ता. अंजनगाव सुर्जी. निधन २० डिसेंबर १९५६, वलगावजवळ. पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा १९४९ मध्ये बाबासाहेबांच्या हवाली केली.’ या शेवटच्या ओळीमुळे शेजारशेजारच्या दोन तसबिरी एकमेकींशी बोलू लागतात. दोघं गेले तेही चौदा दिवसांच्या अंतराने. बाबासाहेबांच्या खाली ६ डिसेंबर १९५६ ला ‘महापरिनिर्वाण’ हाच शब्द घाल. शाहू महाराजांची जन्मतारीख २६ जून १८७४ लिही, जुन्या पुस्तकांत २६ जुलै सापडेल. पंजाबरावांची २७ डिसेंबर १८९८, गाव पापळ. अमरावतीच्या अंबादेवीचं देऊळ सगळ्यांना खुलं व्हावं म्हणून ते झटले, हे कृषिमंत्रिपदाच्या आधी यायला हवं. तुकडोजी महाराजांची ३० एप्रिल १९०९, आणि मोझरीचं गुरुकुंज १९३५.

हारांचं आधीच ठरवून घ्या. ओला हार फ्रेमवर घातला की पाणी कडेवरून आत झिरपतं, आणि कुंकवाचं बोट ओल्या काचेवरून ओघळत खालच्या सांध्यात जातं. प्रत्येक तसबिरीच्या वर दोन इंचांवर वेगळा हुक लाव आणि हार त्यालाच. उदबत्ती खिडकीपाशी. कुंकू कोणालाच नको. बाबांच्या पुण्यतिथीला हाराऐवजी सकाळी गावातली नाली साफ करायची, असं तू मंडळात मांडलंस तर मला वाटतं म्हातारी माणसं आधी उठतील.

आज-उद्याच प्लास्टिक चिकटव आणि दोन दिवसांनी कोणत्या बाजूला दव आलं ते कळव. त्यावर भिंत ठरेल, आणि मग फ्रेमवाल्याला मापं देता येतील. वहिनींना नमस्कार, पोरांना आशीर्वाद.

तुझा,
सुधाकर