काका, तुम्ही इंजिन बंद केलंत

काका,

नाशिकला येऊन महिना झाला. फोनवर नुसतं थँक्यू म्हणाले आणि पुढे बोलताच येईना, म्हणून हे सगळ्यांसमोर लिहितेय.

जर्मनीतल्या हॅनोव्हरच्या दोन वर्षांत कितीजणांना म्हटलं असेल, मला एकदा फोर्स्टला जायचंय, हार्मोनिया हा बँड जिथे राहायचा त्या खेड्यात. ‘पुढच्या शनिवारी नक्की’ म्हणणारे होते. ‘तीन वर्षांत मोडलेला बँड, त्याचं काय एवढं?’ असं तोंडावर म्हणणारेही होते, आणि त्यांच्या घरी भिंतभर रेकॉर्डी! ते फार लागलं. तुम्ही हार्मोनिया हे नाव पहिल्यांदा माझ्याच तोंडून ऐकलंत, आणि गाडी काढलीत.

वाटेत माझी टकळी चालूच. बँडमधले मोबियस आणि रोडेलियस 1971 पासून तिथे वेझर नदीकाठी राहायचे, 1973 मध्ये मिशाएल रोटर येऊन मिळाला, 1974 आणि 1975 मध्ये एकेक रेकॉर्ड निघाली, फारशी खपली नाही, 1976 मध्ये सगळं संपलं. त्याच वर्षी ब्रिटिश संगीतकार ब्रायन ईनो तिथे राहायला आला, तेव्हा तिघं त्याच्यासाठी पुन्हा एकत्र बसले. ते ध्वनिमुद्रण बाहेर यायला मात्र 1997 उजाडलं. तुम्ही एवढंच विचारलंत, “मग खायचे काय गं ते?” इतकी वर्षं ऐकूनही हा प्रश्न मला कधी पडला नव्हता.

ते राहायचे त्या घराकडे जायचं नाही हे ठरलेलंच होतं. नदीकाठी थांबलो. मी त्यांचं ‘झेर कॉस्मिश’ लावलं. यंत्राचा तो संथ ठोका, छातीत कान लावून ऐकावा तसा. तुम्ही हळूच इंजिन बंद केलंत. हीटर गेला. बाहेर फेब्रुवारीतली थंडी. मी म्हटलं, काका, राहू द्या. तुम्ही काही बोलला नाहीत. मफलर कानांवरून खाली ओढलात आणि जवळजवळ अकरा मिनिटं डोळे मिटून ऐकत राहिलात.

संपल्यावर म्हणालात, “तानपुऱ्यापाशी बसल्यासारखं वाटलं. घाई नाही यात.”

काका, स्वतःची आवड नसताना दुसऱ्याच्या आवडीसाठी कान मोकळे करणारी माणसं मला फार थोडी भेटली. जाणकार पुष्कळ भेटले.

काकूंनी परवा सांगितलं, त्यानंतर चार दिवस तुम्हाला खोकला होता. मला कळवलंसुद्धा नाहीत. आईने सुंठीच्या वड्या केल्यात, पाठवतेय. आणि मफलर आता उन्हाळ्यापर्यंत काढू नका.

तुमची,
नाशिकची मुलगी