न फोडलेली पाकिटं

प्रिय संज्या,

मेसेजला उत्तर देत नाही म्हणून शिव्या घालत असशील. घाल. मी बरा, आईचा गुडघा तसाच. लिहायचं कारण निराळंच आहे, आणि घरात सांगून उपयोग नाही. त्यांना वाटतं आयसीयूत आपण मशीनकडं बघत बसतो.

परवा आयसोलेशनचा बेड रिकामा झाला. राधानगरीकडचे आजोबा, अ‍ॅसिनेटोबॅक्टर निघालेला, म्हणजे एकाचा दुसऱ्याला लागणारा जंतू, पण गडी तगला आणि वॉर्डात गेला. मी ड्रॉवर उपसायला घेतला. न फोडलेल्या सिरिंजा, कफ ओढायचे सक्शन कॅथेटर, सलाईनला जोडायचे थ्री-वे, गॉजची अख्खी पाकिटं, निम्मा ग्लोव्हजचा बॉक्स, सगळं पिशवीत. दारात त्यांचा मुलगा. "ब्रदर, ह्यातलं काय वापरलंच नाही की. पैसे तर मी भरल्यात." खिशातनं मेडिकलचं बिल काढलं, घड्या पडून पडून मऊ झालेलं. संसर्ग, दुसऱ्या पेशंटला धोका, सगळं समजावलं. त्यानं शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "मग आत एवढं नेलंच कशाला?"

आता ह्याला काय सांगायचं, मर्दा?

आपण जे शिकलो ते पिशवीपासून पुढचं. पिवळी भट्टीला, लाल ऑटोक्लेव्हच्या वाफेला, सुया पांढऱ्या डब्यात, काच निळ्यात, ४८ तासांत माल उचलायचा. दवाखान्यातल्या कचऱ्याचे २०१६ चे नियम तू झोपेतही म्हणायचास. ड्रॉवर किती भरायचा, हे कुणी शिकवलं? आमच्याकडं अजून रोज सकाळी सलाईनचा सेट बदलतात. रक्त, लिपिड म्हणजे शिरेतनं द्यायची चरबी, आणि गुंगीचं प्रोपोफॉल सोडलं तर चार दिवसांच्या आत बदलायची गरज नसते. व्हेंटिलेटरच्या नळ्याही घाण झाल्या किंवा बिघडल्या तरच बदलायच्या. पण सवय.

आणि हो, बीपी घ्यायला ग्लोव्हज कशाला म्हणून मी भांडायचो, तेव्हा तू मला कंजूष म्हणायचास. लंडनच्या ग्रेट ऑर्मंड स्ट्रीट हॉस्पिटलनं २०१८ ला हेच शिकवायला घेतलं, वर्षात २१ टन प्लास्टिक वाचलं. पैज मी जिंकलो. मिसळ लागू आहे, कट जादा.

मॅडमना म्हटलं, आयसोलेशनच्या आत एका शिफ्टपुरतंच ठेवू, बाकीचं दाराबाहेर झाकलेल्या ट्रॉलीत. त्या म्हणाल्या, "रात्री दोनला श्वासाची ट्यूब ब्लॉक झाली आणि आतला कॅथेटर संपला तर?" चूक नाही रे त्यांची. २०१९ च्या पुरात हायवे बंद पडला, तेव्हा आपण एकेक सेट मोजत होतो. पाठोपाठ कोविड. तेव्हापासून जो तो मुंगीसारखा साठवतोय. पण साठा स्टोअरला करा की! पेशंटच्या उशाशी केला तर पेशंट हलला की गेला, आणि बिल त्या पोराच्या खिशात.

माझी भीती वेगळीच आहे. ट्रॉली केली आणि एकदा, एकदाच, काही कमी पडलं, तर नवीन सिस्टर घाबरून परत दुप्पट भरतील. मग पुन्हा विषय काढायची सोय नाही. त्यामुळे ट्रॉलीत काय आणि किती, हे आधीच चोख पाहिजे. सक्शनचं तर पक्कंच.

नवीन फ्लॅटचं अभिनंदन. चिमीची दहावी ना यंदा? वहिनींना नमस्कार. बाकी फोनवर.

तुमच्या पुण्यातल्या युनिटला आयसोलेशनच्या आत काय ठेवतात आणि बाहेर काय, त्याचा फोटो काढून पाठव. सोमवारी मीटिंग आहे, रविवारपर्यंत मिळू दे.

तुझाच,
दिग्या