आरएक्स १०० वाल्या मिस्तरी काकांना

काका, तुमच्यापाशी साधा फोन आहे, हे तुमच्यापर्यंत पोरगाच वाचून पोचवन. पन इथं सगळ्यायसमोर लिहाचं कारण असं की अजून कोणाले जुनी आरएक्स १००, म्हणजे यामाहाची टू-स्ट्रोक मोटरसायकल, घ्याची असन तर तुम्ही मले जे सांगतलं ते त्यालेबी कामी पडन.

बाबांची आरएक्स १०० मी सहावीत होतो तवा विकली, नापिकीचं साल होतं, सोसायटीचं कर्ज थकलं होतं. त्या दिवशी ते जेवले नाही. तवापासून डोक्यात होतं की एक दिवस तशीच गाडी दारात उभी करीन. यंदा कापसाचे पैसे आले आणि तालुक्याले एक जण भेटला, ८७ चं मॉडेल आहे म्हणे, जपानी इंजिन, एक लाख दहा हजार, रुपया कमी नाही. गाडी अशी चमकत होती की मी टोकन द्यालेच निघालो होतो. तुम्ही फोनवर एवढंच म्हणले, "थांब, मी येतो, तोवर पैशाले हात नको लावू." आणि बाजाराच्या दिवशी, धंद्याच्या दिवशी, दुकान बंद करून एसटीनं आले.

तुम्ही रंगाकडे पाह्यलंबी नाही. रॉकेलात चिंधी भिजवून इंजिनावरचा मैल पुसला, तर नंबराची जागा घासलेली. मग मले जवळ बसवून दाखवलं की आरएक्स १०० चा नंबर १एल१ पासून सुरू होते, चेसीवरबी तेच आणि इंजिनवरबी तेच, आणि दोन्ही आरसीशी जुळले पाहिजे. त्या गाडीत कागद ८७ चे होते आणि ब्लॉक, म्हणजे ज्यात पिस्टन चालते तो भाग, आरएक्सजी नावाच्या मागून आलेल्या १३२ सीसीच्या गाडीचा, ९६ च्या पुढचा. मी एकटा असतो तर मले हे सात जन्मात समजलं नसतं काका.

मग लिंबाखाली चहा पेता पेता जे सांगतलं ते मी घरी येऊन वहीत लिहून ठेवलं. ही गाडी १९८५ ले आली, एस्कॉर्ट्सनं काढली, सुरुवातीच्या गाड्यायमधी जपानचे पार्ट होते म्हणून सगळे ८५-८७ च्या मागं पळतात, आणि तो माल चांगला होताच, पन आता चाळीस वर्षं झाले, त्यातलं किती मूळचं राह्यलं हे खोलल्याशिवाय कोणालेच समजत नाही, आणि त्याच नावावर जास्तीत जास्त फसवणूक होते. तुमच्या मते रोज चालवाले ९० ते ९५ ची गाडी बरी. पार्ट एकमेकाले जुळतात, आणि एका हातात राहिलेली गाडी अजूनबी खेड्यात सापडते. ९६ च्या गाडीत मात्र डोळे उघडे ठेवाचे, कारण त्या साली प्रदूषणाचे नियम कडक झाले, आरएक्स १०० बंद झाली, आणि मागून आलेल्या गाड्यायचे पार्ट तिच्यात घालणं सोपं.

दुसरं तुम्ही सांगतलं ते ब्लॉकचं. बोअर, म्हणजे ब्लॉकमधल्या भोकाची रुंदी, ५० मिलिमीटर, आणि स्ट्रोक, म्हणजे पिस्टनची वरखाली चाल, तेबी ५०, त्यातच ९८ सीसी आणि ११ हॉर्सपॉवर. झिजलेला ब्लॉक किती वेळा आतून घासून मोठा केला, म्हणजे बोअर मारलं, ते हेड काढून पिस्टनवरच्या आकड्यावरून पाहाचं, १.०० (म्हणजे एक मिलिमीटर मोठं) लिहिलं असन तर ब्लॉकमधी पुढं काही उरलं नाही असं समजाचं. आणि ऑइल पंप! टू-स्ट्रोक इंजिनात पेट्रोलासंग ऑइलबी लागते, आपल्याकडं कितीक जण पंप काढून पेट्रोलातच ऑइल टाकतात. तो पंप एक्सलेटरच्या हिशोबानं ऑइल सोडते, भर मे महिन्यात यवतमाळच्या उन्हात घाट चढताना पिस्टन त्याच्याच भरवशावर असते. ज्या गाडीचा पंप चालू आहे तिचा मालक गाडी जपणारा, असं तुम्ही म्हणले होते, आणि तसंच निघालं.

कारण ९३ ची गाडी तुम्हीच शोधून देली. रिटायर गुरुजीची, गोठ्यात कुटाराच्या बाजूले उभी, एकच मालक. पंधरा वर्षं झाल्यावर पासिंग करून आरसी दर पाच वर्षानं वाढवत आणलेली, पंप जागेवर, पिस्टन ०.२५ चं. फक्त क्रँकचे (पिस्टन ज्याले फिरवते त्या दांड्याचे) रबरी सील कडक झाले होते, मॅग्नेटच्या बाजूचं हवा ओढत होतं म्हणून रेस आपोआप वाढे. तुम्ही दोन दिवस बसून सील, बेरिंग, प्लगच्या ठिणगीचे पॉइंट, कंडेन्सर सगळं बदलवलं, मीकुनीचं कार्बुरेटर धुतलं, सायलेन्सरची नळी जाळून कार्बन काढला, आणि मजुरी विचारली तर पार्टाचेच पैसे घेतले. बाबांची गाडी तुम्हीच सांभाळत होते हे मले त्या दिवशी समजलं.

परवा बाबांनी स्वतः किक मारली. दुसऱ्या किकीत चालू झाली. "जरा पाह्यतो" म्हणून निघाले ते वावराच्या रस्त्यानं गेले आणि तासाभरानं आले, कुठं गेले होते ते सांगतलं नाही, पन आल्यावर फडकं घेऊन टाकी पुसत बसले. काका, मनापासून आभार. पोळ्याले घरी या, आई वाट पाहून राह्यली.

तुमचा,
दारव्हा तालुक्यातला ९३ वाला