तरवडाच्या बिया देणाऱ्या मावशींना

मावशी, सप्रेम नमस्कार.

नवरात्राच्या तोंडावर दहिवडीच्या आठवडे बाजारात तुम्ही घटाच्या माळांसाठी तरवडाची, त्या रानझुडपाची पिवळी फुलं घेऊन बसता, त्या तुम्हाला हे पत्र. तुमची नात वाचून दाखवील. तुमचे आभार घरी येऊनही मानता आले असते, पण तुम्ही मला जे शिकवलंत ते माणदेशातल्या आणखी चार अंगणांत पोचावं असं फार वाटतं, म्हणून सगळ्यांसमोर लिहिते आहे.

माझं माहेर कऱ्हाडजवळ, कृष्णाकाठचं. एकाच सातारा जिल्ह्यात महाबळेश्वरला वर्षाला ५,००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि आपल्या माण तालुक्यात जेमतेम ५००च्या आसपास. हे शाळेत पाठ केलं होतं, पण त्याचा अर्थ इथं सून म्हणून आल्यावर कळला. टँकरपुढे बायका घागरी घेऊन उभ्या असताना आपण गुलाबाला पाणी घालायचं, हे मनाला कधी पटलं नाही. घरापुढची मुरमाड जागा त्यामुळे तशीच पडून होती. फुलांची हौस मात्र जात नव्हती.

त्या दिवशी माळेसाठी फुलं घेताना मी सहज विचारलं, हे झाड दारात लावलं तर जगेल का? तुम्ही हातातलं काम ठेवून माझ्याकडे बघितलंत आणि म्हणालात, "जगंल का काय विचारतीस बाय? पानी घालू नगंस म्हंजे झालं."

नुसतं सांगून थांबला नाहीत. थंडी सरता सरता तुम्ही तुमच्या बांधावरच्या वाळलेल्या शेंगा फडक्यात बांधून आणून दिल्यात. चपट्या, कागदासारख्या पातळ, तपकिरी. पैसे काढले तर रागावलात. आणि वळवाचा पाऊस झाल्यावर स्वतः घरी येऊन जागा दाखवलीत. सासूबाई आजही सगळ्यांना सांगतात, की तुम्ही आधी चहा घेतला नाहीत, आधी ऊन कुठून कुठं जातं ते बघितलंत.

तुमच्या सांगण्यातलं बारीकसारीक मी लिहून ठेवलं आहे. तरवडाच्या बीचं कवच टणक असतं, पाणी आत शिरत नाही, तशीच पेरली तर बी मातीत नुसती पडून राहते. म्हणून ती खडबडीत दगडावर हलक्या हातानं घासायची, रात्रभर पाण्यात ठेवायची आणि सकाळी जी फुगली असेल तीच पेरायची. पिशवीत रोप करायच्या भानगडीत पडायचं नाही. याचं सोटमूळ सरळ खाली जातं, पिशवीत ते गुंडाळतं आणि मग झाड जन्मभर अशक्त राहतं. जिथं झाड हवं तिथंच बी टाकायची, एका जागी दोन-तीन, आणि त्यातलं जोमदार रोप ठेवायचं. आळं करायचं नाही, कारण बुडाशी पाणी साचलेलं याला सोसत नाही. पहिल्या पावसाळ्यात मोठा खंड पडला तर तांब्याभर पाणी, पुढं तेही नाही.

शेजारच्या दादांनी कुंपणाचा विषय काढला तेव्हा तुम्ही हसलात. शेरडं-मेंढरं तरवडाला सहसा तोंड लावत नाहीत, हे बांधावर जन्म काढलेल्या माणसालाच ठाऊक. तुमचे वडील तरवडाची साल सोलून कातडं कमावणाऱ्यांना विकायचे, हेही त्या दिवशी कळलं. सालीत टॅनिन भरपूर असतं, त्यामुळे कातडं टिकतं. ज्या झाडाकडे जाता-येता कुणी बघतही नाही, त्याच्यावर एकेकाळी घरं चालली.

दुसऱ्या पावसाळ्यात फुलं आली. मावशी, तुम्ही फुलं पहाटे खुडता, त्यामुळे उन्हं वर आल्यावर काय होतं ते कदाचित निवांत बघितलं नसेल, म्हणून सांगते. मोठा काळा भुंगा येतो, फुलाला खालून लटकतो आणि एकदम जोरात गुणगुणतो. त्या थरथरीनं पराग बाहेर पडतो. या फुलात मध नसतो, परागच असतो, आणि तोही परागकोशाच्या टोकाशी असलेल्या बारीक छिद्रांतून हलवल्याशिवाय नीट सुटत नाही. माझा मुलगा पायरीवर बसून हा आवाज ऐकत राहतो. फिकट पिवळसर फुलपाखरंही येतात, पानांवर अंडी घालतात. त्यांच्या हिरव्या अळ्या पानात इतक्या मिसळून जातात की बोट लावल्यावरच दिसतात. अळ्या बघून मी तुम्हाला फोन केला होता. "खाऊ दे की. पानं परत येत्यात," एवढंच म्हणालात. फवारणी केली नाही, आणि पानं खरंच परत आली.

छाटणीही तुम्ही म्हणालात तशीच करते. शेंगा उतरल्यावर, पावसाच्या आधी. नव्या फुटव्यांच्या शेंड्यांना फुलं धरतात, त्यामुळे छाटलेलं झाड जास्त डवरतं.

एक गोष्ट तुम्हाला आवडेल. तेलंगणात हेच फूल राज्यफूल आहे. तिथं त्याला तंगेडू म्हणतात, आणि आपल्या नवरात्राच्याच दिवसांत तिथल्या बायका बतुकम्माच्या सणाला ही फुलं थरावर थर रचून मांडतात. आपण घटाला माळ घालतो, त्या बायका या फुलांभोवती फेर धरतात.

मावशी, पाणी कुणाच्या घागरीतून न घेता माझ्या दारात फुलं आहेत. माझ्यासाठी ही फार मोठी गोष्ट आहे, आणि ती तुमच्यामुळे झाली. हे ऋण मी मनापासून मानते.

तुमच्या बांधाकडचा रस्ता रुंद करताना तिथले तरवड निघाले, हे नातीकडून कळलं. फार वाईट वाटलं. आमच्या झाडांना यंदा भरपूर शेंगा धरल्या आहेत आणि बी तुमचीच आहे. वाळल्या की आणून देते. बांधाची कुठली बाजू मोकळी राहिली आहे तेवढं नातीला फोनवर कळवायला सांगा, पहिल्या पावसाला मी आणि मुलगा दोघंही पेरायला येतो.

तुमची,
दहिवडीची एक सून